मनकर्णेचा अंगठा

बाळापूरच्या गोवर्धनाची मोट ऐन वैशाखात फाटली आणि मळ्यातल्या वांग्यांनी माना टाकल्या. नव्या मोटेला पैसा आणायचा कुठून? तेव्हा त्याच्या बायकोनं, सत्यभामेनं, पेटीच्या तळाचा सरकारी कर्जरोखा काढला. मोठ्या लढाईत तहसीलदारानं तो तिच्या बापाच्या गळ्यात मारला होता आणि बापानं लेकीच्या नावानं घेतला होता. पाच वर्षांचं पंचवीस रुपये व्याज तुंबलं होतं. दोघांनी गाडी जुंपली अन् अकोल्याची बँक गाठली.

तिथले कारकून शेषराव नियमाचे भारी पक्के. घरी जेवण झाल्यावर बायकोकडे पावती मागतात म्हणत.

"नाव?"

"सत्यभामा," गोवर्धन म्हणाला.

"रोखा तं मनकर्णेचा हाय."

"हेच ते. मनकर्णा माहेरचं नाव. लग्नात आमी बदललं."

"सरकारले इचारलं होतं?"

आता घ्या! नवरीचं नवं नाव ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहितात, त्यासाठी सरकारला अर्ज कोण करतं? गोवर्धन खवळला. "मंग अंगठा पाहा ना तिचा."

शेषरावांनी अंगठा घेतला, भिंग लावून रजिस्टरातल्या अंगठ्याशी ताडून पाहिला आणि मान डोलावली.

"जुळते. रेघ न् रेघ जुळते."

"मंग द्या पैसे."

"कसे देऊ? हा अंगठा मनकर्णाबाईचा. या सत्यभामाबाईपाशी कसा आला?"

गोवर्धनाला वांगी डोळ्यांपुढं वाळताना दिसली. सत्यभामा मात्र शांतपणे उठली. "मनकर्णेलेच पाठवतो," म्हणाली. व्हरांड्यात जाऊन तिनं पदर सारखा केला, घोटभर पाणी प्यायली आणि पुन्हा येऊन बसली.

"नाव?"

"मनकर्णा. बापाचं नाव सहदेव."

शेषरावांचा चेहरा खुलला. "आधीच काहून नाई आल्या बाई? एक सत्यभामाबाई तुमचा रोखा घेऊन आली होती. जपून राहा तिच्यापासून."

अंगठा झाला, पंचवीस रुपये टेबलावर आले. गोवर्धनानं हात पुढं केला.

"तुमी कोण?" शेषराव गुरकावले.

"नवरा हाय मी."

"सत्यभामाबाईचे. या मनकर्णाबाईशी तुमचा काय संबंध?"

सत्यभामेनं रुपये पदराला बांधले. बाजारात तिनं आधी चांगली जाड चामड्याची मोट घेतली. मग उरलेल्या पैशांत स्वतःसाठी एक हिरवंगार लुगडंही काढलं. गोवर्धन वैतागला.

"सत्यभामे, मले न इचारता काहून घेतलं?"

"पैसा मनकर्णेचा हाय," ती घडी मोडून काठ पाहत म्हणाली. "तुमचा काय संबंध?"