ज्याची पायरी त्यानंच

हवालदार गुलाबराव घरातल्या कंदिलाच्या काचेला कधी हात लावत नसत. बायको माहेरी गेली की काच काळी व्हायची, उजेड पिवळा पडायचा, ताटातलं वरण कुठे आणि भाकर कुठे तेही कळेनासं व्हायचं. तरी हा माणूस चाचपडत जेवायचा. आळशी म्हणावं तर तेही खोटं. त्याच कंदिलाची वात वरखाली करायची चावी अडकली, की उभ्या उभ्या नीट करून द्यायचे.

"चावी माही पायरी हाय, वहिनी," ते मला समजावायचे. "काच पुसनं वापरनाऱ्याची पायरी."

मी अमरावतीची. लग्न होऊन अकोल्याच्या जुन्या शहरात आले तेव्हा मोठी लढाई नुकतीच संपली होती. गुलाबराव फौजेच्या मोटारी दुरुस्त करायच्या कारखान्यात होते. तिथून सुटून आले आणि कापसाच्या जिनात फिटर लागले. त्यांचं आणि आमचं अंगण एकच, त्यामुळे त्यांची फौज आम्हालाही फुकटात भोगावी लागली.

फौजेतल्या दुरुस्तीच्या म्हणे चार पायऱ्या. मोटार धुणं, तेलपाणी बघणं, ढिले नट आवळणं ही पहिली, ती चालवणाऱ्याची. किरकोळ भाग बदलणं ही दुसरी, पलटणीच्या मिस्त्रीची. इंजिन उघडायचं तर तिसरी, मागच्या तळावरचा कारखाना. आणि सगळा सांगाडा नव्यानं उभा करायचा तर चौथी, दूर कुठल्या तरी मोठ्या शहरात. खालच्यानं वरच्या कामात हात घालायचा नाही आणि वरच्यानं खालचं काम अंगावर घ्यायचं नाही. गुलाबराव दुसऱ्या पायरीवर होते, आणि लढाई सरली तरी तिथून खाली उतरायला तयार नव्हते.

स्टोव्हला पिन मारणं यमुनाबाईंचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं. वॉशर बदलणं यांचं. टाकीला डाग द्यायचा असला की स्टोव्ह रहीमभाई टिनवाल्याकडे. रहीमभाई वैतागायचे. "हवालदारसाब, इत्ता सा काम तुम खुद कर लेते, मेरे कने कायकू लाते?"

"तुमची पायरी हाय, रहीमभाई. मी कशी खाऊ?"

एकदा विहिरीची गडगडी कुरकुरायला लागली. ती कुरकुरली की आमची सासू कानात कापूस घालून बसायची. गुलाबराव ओट्यावर तेलाची कुपी मांडीशी घेऊन बसलेले, आणि जागचे हलतील तर शपथ.

"भाऊजी, दोन थेंब सोडा की," मी म्हटलं.

"पानी कोन काढते? तेल त्यानं द्यावं. हे घ्या कुपी."

शेवटी यमुनाबाई पदर खोचून आल्या, चुलीजवळचं जवसाचं तेल गडगडीवर ओतलं आणि म्हणाल्या, "आन जेवन कोनत्या पायरीचं हाय तेबी सांगून ठेवा. आज मी तिथवर नाही येत."

पण खरी मजा झाली हिवरखेडच्या वाटेवर. यमुनाबाईंच्या भाचीचं लग्न होतं आणि आम्ही सगळे बैलगाडीतून निघालो होतो. वाटेत चाकाची खीळ निसटली. गाडीवान दगड शोधायला उतरला, तर गुलाबरावांनी त्याला अडवलं. खीळ झिजलेली आहे, ही लोहाराची पायरी. त्याला त्यांनी लोहार आणायला पुढच्या गावी पिटाळलं आणि आपण बाभळीखाली बसून राहिले. उन्हं चढली. मुहूर्त टळायची वेळ आली. मग यमुनाबाई खाली उतरल्या, चिंधी गुंडाळून खीळ भोकात घातली, दगडानं ठोकली आणि स्वतः कासरा हातात घेतला.

"चला," त्या म्हणाल्या. "तुमी बसा पायऱ्या मोजत."

चाक हिवरखेडपर्यंत निघालं नाही. गुलाबराव मात्र वाटभर मागे वाकून चाकाकडे बघत होते, जणू ते निघालं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं. पोचलो तोवर लग्न लागून गेलं होतं. पंगतीत यमुनाबाईंनी हा किस्सा इतका रंगवून सांगितला की नवरीलाही हसू आवरेना.

अशा या बाईच्या डोळ्यांना काय झालं कुणास ठाऊक. आधी तांदळातले खडे राहायला लागले. मग अंगणात कोण आलं ते त्या आवाजावरून ओळखायला लागल्या. गुलाबरावांनी हेही पायऱ्यांनीच चालवलं. घरचं अंजन झालं, वैद्य झाले, अकोल्याचा दवाखाना झाला. दर खेपेला ते म्हणायचे, "वर अजून जागा हाय." त्यांचा वरच्या पायरीवर फार भरवसा होता. मलाही तो खरा वाटायचा.

शेवटी अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. माझं माहेर तिथलं, म्हणून मी सोबत होते. डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं आणि बाहेर येऊन सांगितलं की आतली शीर सुकली आहे, उपाय नाही.

"मंग याच्या वर कोन हाय, साहेब? मुंबई म्हना, कलकत्ता म्हना. मी नेतो."

"वर कुणी नाही हो. कुठेही न्या, हेच सांगतील."

गुलाबराव तसेच बाहेर पडले. हातात टोपी होती, ती घालायचंही त्यांना सुचलं नाही.

परतताना बडनेऱ्याला गाडीची वाट बघत बसलो होतो. यमुनाबाईंनी विचारलं, "काय म्हने डाक्तर?" गुलाबराव टोपीची घडी घालायला लागले. "नका सांगू," त्या म्हणाल्या, "तुमच्या गप बसन्यावरून समजलं मले." मग त्यांनी नवऱ्याच्या धोतराचा सोगा मुठीत धरला आणि गाडी येईपर्यंत सोडला नाही.

त्यानंतर पंधरवड्यानं असेल, सकाळी मी अंगणात आले तर गुलाबराव बायकोच्या मागे बसून तिचे केस विंचरत होते. भर अंगणात, चारचौघांदेखत. त्या काळी असलं काही कुणी बघितलंच नव्हतं. विहिरीवरच्या बायका पदर तोंडाशी धरून हसत होत्या. मला राहवलं नाही.

"भाऊजी, द्या इकडे फणी. मी विंचरून देते रोज."

त्यांनी मान वर केली नाही. "नाही, वहिनी. हे रोजचं काम हाय. ज्याचं मानूस त्यानंच कराचं." मग बायकोला म्हणाले, "डोकं हालवू नको."

"गुतवा काढता का झाड उपटता?" यमुनाबाई म्हणाल्या.

बुचडा बांधणं काही त्यांना जमेना, म्हणून त्यांनी वेणी घातली. चाळिशी उलटलेल्या बाईला वेणी, आणि तीही एका खांद्याकडे कललेली. शेवटाला सुतळी बांधून त्यांनी गाठ दोनदा ओढून पाहिली. मी घरात येऊन परातीपुढे बसले आणि पिठात पाणी घालायच्या आधीच रडले.

यमुनाबाईंच्या डोक्यावरचा पदर मी कधी ढळलेला पाहिला नव्हता. त्या दिवशी त्यांनी तो घेतलाच नाही. वेणी पाठीवर सोडून संध्याकाळपर्यंत त्या दारात बसल्या, आणि पाऊल वाजलं की येणाऱ्याला वेणी दिसावी म्हणून रस्त्याकडे पाठ करायच्या.