व्हायोलेटला मानवलेली दाढ

दात दुखला की माणूस ओरडतो, रोपटं ओरडत नाही. दाताच्या डॉक्टरकीतली ही मूलभूत अडचण आहे आणि ती वेळीच ओळखणारे डॉक्टर फार थोडे. सासरेबुवांचे जावई त्या थोड्यांपैकी एक.

सासरेबुवा म्हणजे निवृत्त बस कंडक्टर. उजवा गाल सुजवून ते लेकीकडे आले ते एकाच भरवशावर, की जावई दाताचा डॉक्टर आहे. घराच्या पुढच्या खोलीत दवाखाना होता. खिडकीत, कपाटावर, औषधांच्या फळीवर, जिकडे बघावं तिकडे आफ्रिकन व्हायोलेट. जांभळी, गुलाबी, मखमली पानांची. कुणा पेशंटने कधीतरी एक कुंडी भेट दिली होती, बाकीची सगळी तिच्या एकेका पानापासून झाली. (पेशंट असे पानापासून होत नाहीत. ते नुसते गळतात.)

जावयांचं काम शास्त्रशुद्ध होतं. पानाची खालची बाजू तपासायला दात बघायचा आरसा. बशीतलं जास्तीचं पाणी ओढायला थुंकी ओढायची नळी. खुर्चीवरचा मोठा दिवा फळीकडे वळवलेला, कारण व्हायोलेटला उजेड दिवसभर लागतो, जबड्याला घटकाभर. आता पानाला लावलेलं हत्यार माणसाच्या तोंडात घालणं आरोग्याला अपायकारक (पानाच्या; ते फार नाजूक असतं). म्हणून पेशंटांसाठी घरातून पर्यायी साहित्य आलं: चहाचा चमचा, बॅटरी आणि लेकीच्या पावडरच्या डबीतला आरसा. डबीचा मऊ ब्रश पानांवरची धूळ झटकायला आधीच गेला होता, तेव्हा आरशाचंही तिला तसं काही काम उरलं नव्हतं.

"जावईबापू, जरा दाढ बघता का?" सासरेबुवांनी आल्या दिवशीच विचारलं.

"बघतो ना मामा. ही तेवढी निथळू देत."

व्हायोलेटला वरून पाणी घालायचं नसतं, पानांवर डाग पडतात. कुंडी कोमट पाण्याच्या पातेल्यात बसवायची, ती खालून पिते. पातेलं अर्थातच लेकीचं.

दोन दिवसांनी सूज डोळ्यापर्यंत चढली, तेव्हा जावयांनी त्यांना खुर्चीत बसवलं. चमच्याने गाल बाजूला केला, बॅटरी मारली आणि समाधानाने मान हलवली.

"मुळं छान आवळलीत, मामा."

"म्हणजे?" सासरेबुवांनी चमच्याच्या कडेने विचारलं.

"कुंडी लहान पडली की मुळं आवळतात. मग फूल यायला वेळ लागत नाही. आता हलवायचं नाही."

उभा जन्म खचाखच भरलेल्या बसमध्ये लोकांवर ओरडण्यात गेलेला हा माणूस. पण जावयापुढे सासरा बोलत नाही, आणि या सासऱ्याच्या तोंडात तर चमचा होता. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. जावयांनी ते तत्परतेने टिपलं, शेजारच्या पानावर पडू नये म्हणून.

लेक दारातून पाहत होती. "बाबा, चपला घाला," एवढंच म्हणाली आणि त्यांना पलीकडच्या गल्लीतल्या डॉक्टरकडे घेऊन गेली. तो अगदीच मागासलेला, दाताची हत्यारं दातालाच लावायचा. दाढ निघाली.

परतताना लेकीला रडू फुटलं. "पहिल्याच दिवशी न्यायला हवं होतं मी तुम्हाला."

"जाऊ दे गं," कापसाच्या बोळ्यामागून सासरेबुवा म्हणाले. "माणूस वाईट नाही. आपण रोप नाही, एवढंच."

घरी जावई चेहरा पाडून बसले होते. सासरेबुवांना पाहताच उठले. "मामा, दाढ आणलीत ना?"

अंड्याच्या टरफलांची पूड काय, कुंडीत सगळेच घालतात. जावयांनी दाढ खलबत्त्यात कुटली आणि वर्षभर रुसून बसलेल्या एका कुंडीत मिसळली. महिन्याभरात ती अशी फुलली की पानं दिसेनात. शेजारीपाजारी बघायला लोटले. सासरेबुवांनी परत जायचा बेत पुढे ढकलला आणि कुंडीशेजारी उभे राहून ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागले, "माझी आहे ती. खालची, उजवीकडची." लेकीने नवं पातेलं आणलं आणि कुलपात ठेवलं.

दवाखाना पुन्हा भरून वाहतो आहे. लोक दाढ दाखवायला नाही, द्यायला येतात. दुखरी नसली तरी.

अशा लोकांचं हसू येणं साहजिक आहे. फक्त तुमच्या खिडकीतली ती न फुलणारी कुंडी आठवून आत्ता तुमची जीभ मागच्या दाढेकडे गेली, हलते का ते बघायला, ती जीभ आधी जागेवर घ्या.