भास्कररावांची अर्धी गोष्ट

"माउंटन बाइकिंगचा शोध अमेरिकेत लागला, हे तुला कोणी सांगितलं?" भास्कररावांनी चहाचा कप अर्धवट खाली ठेवला. पुणेकराने चहा अर्धवट ठेवला, की समोरच्याने सावध व्हावं.

मेलबर्नजवळच्या टार्निटमधल्या त्या घरात सावध होण्याची सवय फक्त त्यांच्या मुलीला, सुखदाला होती. नात अनुष्का मात्र जोरात होती. तिच्या युनीच्या, म्हणजे विद्यापीठाच्या, सायकल क्लबने यू यांग्जच्या डोंगरावर जुन्या सायकलींची शर्यत ठेवली होती.

"आजोबा, सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियातल्या पोरांनी भंगारातल्या जाड टायरच्या सायकली उचलल्या आणि डोंगरावरून खाली सोडल्या. नो गिअर्स! पायडल उलटं दाबायचं, की ब्रेक. तो इतका तापायचा की आतल्या ग्रीसचा धूर व्हायचा!"

"त्याच्या आधीपासून आम्ही दूधवाल्याच्या सायकलवर कात्रजचा घाट उतरायचो. शोध पुण्यात लागला, नाव अमेरिकेचं झालं."

"तुम्ही रेस करायचात?"

"आंतरशालेय सायकल शर्यतीत पहिला आलोय. ढाल मिळालीय ढाल!"

हे खरं होतं, पण अर्धं. उरलेलं अर्धं सांगायच्या आत अनुष्काने क्लबच्या ग्रुपवर शर्यतीसाठी आजोबांचं नाव टाकलंसुद्धा. लगेच क्लबचा कॅप्टन क्रेग याचा फोन आला. "इंडियन चॅम्पियन! लेजंड, मेट!" मग सुखदाच्या ओळखीची दोन मराठी कुटुंबं बघायला यायची ठरली, म्हणजे पातेलंभर पोहे आले.

"बाबा, गुडघ्याचं काय?" सुखदाने विचारलं.

"पुण्याची अब्रू गुडघ्याहून मोठी आहे."

खरं कारण वेगळं होतं. मोबाइलमधून मान वर न काढणारी नात पहिल्यांदाच आजोबांकडे कौतुकाने बघत होती. ते कौतुक त्यांना कशाच्याही बदल्यात गमवायचं नव्हतं.

शनिवारी शिट्टी वाजली आणि बाकीचे धूळ उडवत दिसेनासे झाले. क्लबने दिलेल्या तसल्याच उलट्या ब्रेकच्या सायकलवर भास्कररावही निघाले. उतार लागला, की पायडल उलटं फिरवत शीळ घालायची, ही त्यांची जन्माची सवय. त्यांनी ऐटीत पायडल उलटं फिरवलं आणि सायकल जागच्या जागी उभी राहिली. नाक हँडलवर आपटता आपटता वाचलं. त्यांनी पुन्हा वेग घेतला, पुन्हा पाय सवयीने उलटा फिरला. असं करत करत सगळ्यांचं पाणी पिऊन, फोटो काढून झाल्यावर ते खाली पोचले. ताठ बसून, जमिनीला एकदाही पाय न टेकवता, मागच्या चाकातून धूर काढत, पण सगळ्यांत शेवटी.

लोकांनी म्हाताऱ्या माणसासाठी वाजवतात तशा टाळ्या वाजवल्या. अनुष्काने वाजवल्या नाहीत.

"आजोबा, तुम्ही चॅम्पियन होतात ना?"

"होतो." भास्कररावांना तिच्याकडे बघवेना. "स्लो सायकलिंगचा. पाय न टेकवता जो सगळ्यांत शेवटी पोचतो, तो पहिला."

अनुष्काने ते क्रेगला इंग्रजीत सांगितलं. तो खो खो हसला. "इझी, मेट! लेट्स डू इट!"

कार पार्किंगमध्ये खडूने रेघा मारल्या गेल्या. डोंगरावरून वाऱ्यासारखे उतरलेले वीर सायकलींवर बसले. क्रेग दोन हात जातो न जातो तोच कोलमडला, पडताना शेजाऱ्याला घेऊन गेला, आणि बघता बघता पार्किंगमध्ये भंगारवाल्याचं दुकान लागलं. भास्करराव मात्र हँडलला बारीक झटके देत, जवळजवळ एका जागी उभे राहून, मजेत शीळ घालत होते. ते रेघेपाशी पोचले तेव्हा सगळ्यांत जोरात अनुष्का ओरडत होती. शाळेत ढाल घेतानासुद्धा त्यांची छाती एवढी फुलली नव्हती.

परतताना गाडीत अनुष्काने पुण्याला मावशीला फोन लावला. "सरिता मावशी, आज सायकल रेस होती! क्लबचे सगळे रायडर्स एका बाजूला आणि आजोबा एका बाजूला. आजोबा फर्स्ट! ढोल वाजवा!"

"अगं, शर्यत कसली होती ते सांग की," भास्करराव कुजबुजले.

अनुष्काने फोनवर हात ठेवला. "आजोबा, तिने विचारलं तर सांगू ना."

मेलबर्नमध्ये जन्मलेल्या आपल्या नातीचा भास्कररावांना त्या क्षणी जो अभिमान वाटला, तो काही केल्या चेहऱ्यावरून जाईना.