नानांची न सांडणारी पेटी

आमच्या शेजारचे नाना लग्नाला गेले की नवरा-नवरीकडे बघत नाहीत, आहेरात आलेले डबे हलवून बघतात. डबा कानाशी धरतात, खडखडवतात आणि निकाल देतात, "झाकण ढिलं शे." नवरीची आई शेजारीच उभी असते. मग मलाच कानकोंडं होऊन त्यांना पंगतीकडे न्यावं लागतं.

नाना मूळ पारोळ्याकडचे, दीपनगरच्या वीज केंद्रात फिटर होते. आम्हीही तेव्हा तिथेच. त्यांच्या मंडळी कॉलनीतल्या पोरांना चित्रकला शिकवायच्या. अख्खी कॉलनी त्यांना बाई म्हणायची, म्हणून नानाही बाईच म्हणतात. काय रविवार असायचे ते! लिंबाखाली सतरंजी, पोरांचा गराडा, मध्ये बाई, आणि मागे तांब्या घेऊन नाना. रंगाचं पाणी गढूळ झालं की ते बदलायचं, एवढंच त्यांचं काम. पण एरवी कामावर साहेबाला उत्तर देणारा माणूस तिथे अगदी गपगार असायचा.

निवृत्तीनंतर दोघं जळगावात आमच्या भिंतीला भिंत लावून राहायला आली. बाईंची चित्रं चालूच होती. मग एका दुपारी, चित्र होत आलेलं असताना पाण्याचा पेला कलंडला. बाईंनी फरशी पुसली, ब्रश धुतले, जुन्या पातळाच्या फडक्यात गुंडाळून कपाटावर ठेवून दिले. मी विचारलं तर म्हणाल्या, "कंटाळा आला हो. झाली तेवढी पुष्कळ झाली."

त्यानंतर नानांच्या डोक्यात पेटी शिरली. खांद्याला अडकवायची, उघडली की रंग, ब्रश, पाणी, सगळं बठ्ठं हाताशी, आणि थेंब सांडता कामा नये. कशाला, तर म्हणे प्रवासाला. आता बाई सख्ख्या बहिणीकडे बोदवडलासुद्धा जात नाहीत, पण नानांना कोण सांगणार.

पहिला बळी माझा मसाल्याचा डबा. "अक्का, वाट्या कशा बसतात तेवढं बघतो." डबा परत आला तेव्हा झाकणाला दोन भोकं. "हवा खेळती राहील," म्हणाले. पुढे पुठ्ठा झाला, प्लायवूड झालं, शेवटी पत्रा आला. ब्रश अडकवायला सायकलच्या ट्यूबचे पट्टे. ब्रशांच्या दांड्यांनाही तीच ट्यूब गुंडाळून त्या लाटण्याएवढ्या जाड केल्या. उघडायला चिमुकली कडी नाही, सबंध हात जाईल असं पितळी कडं.

"नाना, ही पेटी शे का तिजोरी?"

"प्रवासात घाई असते, अक्का. चट सापडलं पाहिजे."

पेल्याचं मात्र अडलं. आपल्या लहानपणी शाळेत ती दौत असायची ना, आत गळा वळलेली, कलंडली तरी शाई न सांडणारी? नानांनी पेल्याचा काठ तसा आत वळवला. मग दारात येईल त्याच्या हातात पेटी. "हलवून पहा." दूधवाल्याने हलवली, सिलिंडरवाल्याने हलवली. माझ्या जावयाने पांढऱ्या पँटीवर हलवली. ती पँट आता निळी आहे.

घरातल्या हलवण्याने समाधान होईना, तेव्हा नाना बसने धुळ्याला निघाले. मला लेकीकडे जायचंच होतं. पेला काठोकाठ, पेटी मांडीवर, जागा सगळ्यात मागची.

"आबा, पुढे रिकामी जागा शे," कंडक्टर म्हणाला.

"नको भाऊ. पुढे हलत नाही."

त्याने मला हळूच विचारलं, "यांची तब्येत बरी शे ना?"

रस्ता आता चांगला झालाय. सगळी गाडी खूश, नाना तेवढे हळहळत होते. "पूर्वी काय हादरे बसायचे, अक्का. मजाच गेली."

एरंडोलच्या पुढे एका गतिरोधकावर पाणी सांडलंच. मला वाटलं, आता खचले. पण त्यांनी बाटलीतून पेला पुन्हा भरला आणि वाट बघत बसले. पारोळ्याच्या स्टँडवर गाडी थांबली. इंजिन चालूच होतं. खिडकीच्या काचा, दांडे, आमचे गुडघे, सगळं बारीक थरथरत होतं. नाना पेल्यावर वाकले. पाणी काठापर्यंत यायचं आणि आत वळायचं. सांडलं नाही.

"गतिरोधकाचं जाऊ द्या," ते हळू म्हणाले. "एवढंच हलतो."

"कोण?"

"बाईंचा हात. सकाळी चहाची बशी वाजते, ऐकू येत नाही का तुम्हाला भिंतीपलीकडे?"

मला येत होती ऐकू. मी समजत होते, नाना डबे वाजवताहेत.

परत आल्यावर त्यांनी ओट्यावर बसलेल्या बाईंपुढे पेटी ठेवली. "प्रवासाची शे."

"कुठे जायचंय?"

"ठरवू सावकाश."

बाईंनी पितळी कड्यात हात घातला. पेटी उघडली, जाड दांडीचा ब्रश उचलला, पेल्यात बुडवला. पत्रा किणकिणला. समोर अंगणातली केळ होती. वाऱ्याने फाटलेल्या पानाची कड त्यांनी काढायला घेतली, आणि ती थरथरती रेघ पानाला अशी शोभली की मी कुंपणाच्या भिंतीवरून बघतच राहिले.

साऱ्या गल्लीला "हलवून पहा" म्हणणारे नाना मागे तांब्या घेऊन उभे होते.

बाई मान वर न करता म्हणाल्या, "अहो, हलवून पाहिलं मी. सांडत नाही."

नानांच्या हातातला तांब्या मात्र अर्धा ओट्यावर सांडला होता.