आठ दिवसांपुरता दिलेला नंबर

"नुसता एक नंबर पुसायचाय हो," हेडक्लार्क म्हणाले.

"जुन्या वेबसाइटला हात लावता येत नाही," संगणक कक्षातला माणूस म्हणाला. "बनवणारा नोकरी सोडून गेला, पासवर्डही घेऊन गेला. तुम्ही नवीन वेबसाइट मागा. नंबर आपोआप जाईल."

नंबर हेडक्लार्कांच्या घरचा होता. चौदा वर्षांपूर्वी भूशास्त्र विभागाची वेबसाइट झाली, त्या आठवड्यात विभागाचा फोन बंद होता. त्यांनी आठ दिवसांपुरता घरचा नंबर दिला, तो तसाच राहिला. फोन बायको घ्यायची. परीक्षा कधी, जर्नल कुठे द्यायचं, सर आज कितपत चिडलेत, सगळं सांगायची. वेळापत्रक तिने फ्रिजवर चिकटवलं होतं. इकडे ऑफिसच्या खिडकीत हेडक्लार्क मान वर न करता "नोटीस बोर्ड वाचा" एवढंच म्हणायचे.

चार महिन्यांपूर्वी ती गेली. फोन येतच राहिले. "काकू आहेत का?" दर वेळी सांगावं लागे. एक मुलगी तर रडायलाच लागली, तिची समजूत ह्यांनाच काढावी लागली.

"बाबा, तो फोन काढून टाका ना," लेक म्हणाली. पण फोनशेजारी बायकोची खुर्ची होती. त्यांना फोन काढवत नव्हता आणि उचलवतही नव्हता.

म्हणून एक नंबर पुसण्यासाठी त्यांनी अख्खी वेबसाइट मागितली. कारण लिहिलं, 'काळाची गरज.'

अर्ज अकरा पानांचा निघाला; जुन्या वेबसाइटवरचा सगळा मजकूर, त्या नंबरासकट, त्यात उतरवावा लागला. मग समिती नेमली गेली. पहिली बैठक प्राध्यापकांचे फोटो वयाने लावायचे की नोकरीने, यात संपली. दुसरीत आधी विद्यार्थ्यांचं मत घ्या असं ठरलं. 'जुन्या वेबसाइटवरची कोणती सोय चालू ठेवावी?'

तिसऱ्या बैठकीत विभागप्रमुख मॅडम उत्तरं वाचू लागल्या. त्या महिन्यापूर्वीच बदलून आल्या होत्या.

"'फोनवरच्या काकू.' पुढचं... 'काकू.' 'काकू, बाकी सगळं बंद केलं तरी चालेल.' अहो, ह्या काकू कोण? विभागात कोणी इतकं मन लावून काम करतंय आणि मला पत्ता नाही?"

सगळे आपापल्या कागदात बघू लागले.

"आमच्या घरच्या," हेडक्लार्क म्हणाले. "होत्या."

मॅडमनी चष्मा काढला. हळूच म्हणाल्या, "नंबर काढूनच टाकू. तुम्हीच खोडा." त्यांनी अर्ज आणि उत्तरांचा गठ्ठा पुढे सरकवला.

हेडक्लार्कांनी पेन उघडलं. गठ्ठ्यातला वरचा कागद सहज वाचला. 'माझं जर्नल उशिरा झालं होतं. काकूंनी खिडकीवर भाचा म्हणून सांगायला लावलं.' खालचा वाचला. त्यातही भाचा. त्याच्या खाली भाची.

"अहो, माझा भाचा आहे, जर्नल घेऊन टाका," असं ती दर परीक्षेला म्हणायची आणि ते मुकाट्याने घ्यायचे. तिला भाऊ नव्हता, बहीण एकच, तीही बिनलग्नाची. चौदा वर्षांत त्यांनी हा हिशेब कधी मांडला नव्हता.

त्यांनी पेन बंद केलं. "राहू दे," म्हणाले.

संगणक कक्षाच्या माणसाने नियम पाहिला. सर्वांत जास्त मागणीची सोय पहिल्या पानावर, ठळक अक्षरांत.

वेबसाइट सुरू झाली त्या शनिवारी सकाळीच फोन वाजला.

"काकू आहेत का?"

"नाहीत रे. वारल्या. मी काका बोलतोय."

"सॉरी, काका. ठेवतो."

"काम काय होतं?"

"जर्नल... मुदत काल संपली."

नोटीस बोर्ड अगदी ओठांवर आला होता. हेडक्लार्क तिच्या खुर्चीत बसले.

"सोमवारी खिडकीवर ये. काकूंचा भाचा म्हणून सांग."

"पण तिथले क्लार्क फार खडूस आहेत हो. ऐकतील?"

"ऐकतो," हेडक्लार्क म्हणाले.