झुलाल आप्पांचे गाऱ्याचे टायर

आमच्या ब्राह्मणपुरीत पाहुणा आला की त्याच्या तोंडाआधी त्याच्या गाडीचे टायर पाहणारा एकच माणूस आहे, आणि तो माझ्या भिंतीला भिंत लावून राहतो. झुलाल आप्पा. गाडी थांबली की आप्पा पायजमा जरा वर ओढून चाकाशी उकिडवे बसतात, रबरात अंगठ्याचं नख रोवतात, खाचेत करंगळी घालून खोली बघतात आणि मगच मान वर करून म्हणतात, "या, बठा." माझ्या धाकट्या बहिणीला पाहायला मंडळी आली तेव्हाही हेच झालं. मंडळी आत पोहे खात होती आणि आप्पा बाहेर त्यांच्या गाडीभोवती फेऱ्या घालत होते. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, "पुढला टायर एकच बाजूनी घसेल शे. माणूस गाडी वाकडी चलावस. पोर देऊ नको." आम्ही दिली. पोर सुखात आहे, पण आप्पा अजून म्हणतात की बघत राहा.

त्यांची स्वतःची गाडी म्हणजे एक जुनी फोर-व्हील ड्राइव्ह जीप. पपईला बरा भाव मिळाला त्या वर्षी घेतलेली. चारही चाकांना ताकद देणारा तिचा छोटा दांडा आप्पा दर पोळ्याला तेल घालून पुसतात, पण तो ओढायची वेळ कधी आली नाही. ब्राह्मणपुरीहून शहाद्याला जायला डांबरी रस्ता आहे, आणि आप्पा त्यापलीकडे जात नव्हते. जीपला टायर साधेच होते. ते काढून मड टायर, म्हणजे आमच्या भाषेत गाऱ्याचे टायर, घालायचे हे आप्पांनी सात-आठ वर्षांपूर्वीच्या एका पावसाळ्यात ठरवलं होतं. ठरवलं होतं म्हणजे तेव्हापासून ठरवतच होते.

या विषयावर त्यांच्याशी बोलायला बसलात तर चहा दोनदा होतो. मड टायरची गट्टी, म्हणजे रबराचा वर आलेला ठोकळा, मोठी पाहिजे, दोन गट्ट्यांमधली जागा रुंद पाहिजे, म्हणजे चाक फिरताना गारा आपोआप बाहेर फेकला जातो. टायर फार रुंद नको, अरुंद असला तर वरचा गारा कापून खालच्या घट्ट जमिनीला धरतो. बाजूलाही गट्ट्या हव्यात. "पकड देख, पकड," असं म्हणून ते माझं मनगट धरून दाखवतात आणि बोलणं संपेपर्यंत सोडत नाहीत. "माणूस खोटं बोलस. रबर खोटं बोलत नही."

शहाद्याचा टायरवाला आप्पांना पाहिलं की चहा सांगतो आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळतो. आप्पांनी त्याच्या दुकानातला एकही टायर नापास करायचा ठेवला नव्हता. नवा कंपनीचा परवडत नाही. रबर चढवलेला जुना स्वस्त, पण घाटात तापला की साल निघून येईल. बाहेरच्या देशाचा स्वस्तही आणि नवाही, तर "यानावरलं नाव माले वाचता येत नही, त्यानावर जीव कसा टाकू?" एकदा सुरतेहून हौशी लोकांनी काढून टाकलेले मड टायर आले. अगदी कोरे, अर्ध्याहून कमी दरात. आप्पांनी चारही टायर उलटसुलट करून पाहिले आणि परत केले. म्हणाले, "यास्नी गारा देखेलच नही. अनुभव नही." टायरवाल्याने तेव्हा माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मला अजून आठवते.

परवडत नाही हे मात्र खरं नव्हतं. याच माणसाने सगळ्या पपईला ठिबक घातलं तेव्हा घासाघीससुद्धा केली नव्हती. टायरचा विषय निघाला की मात्र त्यांना जगातली सगळी महागाई आठवायची.

तरी प्रयत्न थांबले नव्हते. टायरवाल्याकडून दोन टायर उसने आणून आप्पांनी शेताचा एक रिकामा कोपरा मोटार लावून भिजवला. आमची काळी माती भिजली की काय होते ते इथल्या माणसाला सांगायला नको. गट्ट्यांमधली रुंद जागा पहिल्याच फेरीत गाऱ्याने बुजली, चाकाचा मोठा लाडू झाला आणि जीप जागच्या जागी बसली. शेजारच्या शेतातून ट्रॅक्टर आणावा लागला. बांधावर निम्मं गाव जमलं होतं. आप्पांच्या बायकोने, म्हणजे आक्काने, बांधावरूनच विचारलं, "आते काय म्हनस तुम्हनं रबर?" आप्पा गुडघाभर गाऱ्यात उभे राहून म्हणाले की ही परीक्षाच चुकली, कारण तिथला गारा असा नाही.

'तिथला' म्हणजे कुठला, हे बांधावरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

आप्पांना एकुलती मुलगी, मनीषा. धडगावच्या पलीकडे डोंगरात एका आश्रमशाळेत ती शिक्षिका म्हणून लागली आणि तिथल्याच एका शिक्षकाशी तिने लग्न ठरवलं. रायसिंग पावरा. डोंगरातल्या आदिवासी घरचा, शिकलेला, शांत, तंबाखूलाही न शिवणारा. जावयात खोट काढायला जागा नव्हती, म्हणून आप्पांनी ती रस्त्यात काढली. जात आड आली हे ते कधी बोलले नाहीत, भांडलेही नाहीत. लग्न वैशाखात होतं, तेव्हा म्हणाले, "वैशाखमा घाटमा इंजन तापस." गेले नाहीत. आक्का गेली. नंतर म्हणाले पावसाळ्यात जाऊ, तर पावसाळ्यात शेवटच्या पट्ट्यात गारा, आणि गाऱ्याला टायर पाहिजेत. तिथून हे टायरपुराण सुरू झालं.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात, गल्लीगल्लीत झोके बांधले जातात, पण कोणी आपणहून येत नाही. माहेरचं माणूस मुराळी होऊन घ्यायला जातं. मनीषाला भाऊ नाही. आक्का म्हणाली मी जाते, तर मनीषाने फोनवर सांगितलं, "तू केव्हाही ये. पण मुराळी आप्पाच येतील." त्यात राग नव्हता असं आक्का सांगते. मला वाटतं, राग असता तर सोपं गेलं असतं.

आखाजी ऐन उन्हाळ्यात येते, तेव्हा डोंगरात गाऱ्याचा टिपूस नसतो. हे मी एकदा धीर करून आप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "जातांना कोरडं शे. येतांना अवकाळी उना, त?" दर आखाजीला गल्लीत पोरी झोके घेत आणि आप्पा जीपखाली जाऊन काहीतरी खटखट करत बसत.

बापलेकीचं फोनवरचं बोलणं मी भिंतीपलीकडून ऐकलेलं आहे. "कशी शेस?" हे ते तिला विचारत नसत. "गारा कसा शे?" असं विचारत. लाल का पिवळा? खाली मुरूम लागतो की नाही? ती पहिली-दुसरीच्या पोरांना सांगावं तशी सगळं नीट सांगायची. नात झाली, रेवा, तेव्हाही आप्पांनी आधी गाऱ्याचं विचारलं आणि फोन आक्काकडे दिला. काळ्या मातीत जीप फसल्यावर तर त्यांनी तिला सांगितलं की सांगून समजत नाही, नमुना धाड.

आणि तिने धाडला. तेलाच्या डब्यात भरून, झाकण तारेने बांधून, शेअर जीपच्या टपावरून. पुढे दर पावसाळ्यात एक डबा येऊ लागला. आप्पा तो ओट्यावर ओतून बोटांनी चिवडत, पाणी घालत, टायरचा तुकडा त्यात दाबून बघत. डबा रिकामा परत पाठवायचा नसतो म्हणून आक्का तो घासून त्यात कधी कुरडया, कधी लाडू भरायची. त्यात काय भरलं हे आप्पा विचारत नसत.

गेल्या आषाढात आक्काचे पाय दुखत होते म्हणून डबा आणायला शहाद्याच्या स्टँडवर आप्पांबरोबर मी गेलो. पाऊस लागून राहिलेला. धडगावकडून जीप आली, आत माणसं दाटीने बसलेली, मागे दोघे लोंबकळत होते. सगळी जीप लाल चिखलाने माखलेली. ड्रायव्हरने टपावरचा डबा काढून दिला. "घ्या आप्पा, तुमचा गारा. डबा परत मागितलाय बाईंनी."

आप्पा सवयीने चाकाशी उकिडवे बसले. नख रोवायला रबरच नव्हतं. चारही टायर तळहातासारखे गुळगुळीत, एकाची तर तार दिसत होती.

"यानावर उनास?" आप्पांनी विचारलं.

"रोजच येतो," ड्रायव्हर म्हणाला. "आजची दुसरी फेरी आहे."

त्या टायरविषयी ते एक शब्द बोलले नाहीत, आणि त्यांना ओळखणाऱ्या माणसाला घाबरवायला तेवढं पुरे होतं. मग डबा काखेत धरून सरळ टायरवाल्याकडे गेले आणि दारात जे चार मड टायर उभे होते ते बसवायला सांगितले. नख नाही, करंगळी नाही, भाव नाही. टायरवाल्याने दोनदा विचारलं, "नक्की ना आप्पा?"

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. आक्का पुढे, मी मागे. डांबरावर नवे टायर घुंईघुंई करत होते आणि त्याविषयीही आप्पांनी काही सांगितलं नाही. घाट चढलो, धडगाव मागे पडलं, शेवटचा गाऱ्याचा पट्टा आला. आप्पांनी तो दांडा ओढला, जीप जरा डगमगली आणि निघून गेली. त्याच रस्त्याने समोरून एक शेअर जीप आरामात उतरत आली. आम्हीच बाजूला होऊन तिला वाट दिली.

मनीषा दारातच होती. मी तिला लग्नाआधी पाहिलं होतं. आता कानाजवळ केस पांढरे झालेले. आप्पा खाली उतरले आणि घरात न जाता तिथेच उभे राहून म्हणाले, "मुराळी उनू."

मनीषा म्हणाली, "आखाजी त व्हई गई, आप्पा. शाळा सुरू व्हई गई." आवाज अगदी मऊ होता. रायसिंग सर मागून आले, वाकून पाया पडले. आप्पा त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले.

रेवा आईच्या आड होती. पहिलीत जाते म्हणाले. तिने वडिलांच्या पावरी बोलीत आईला काही विचारलं, आईने मान हलवली, तशी पोरगी घराच्या मागे पळाली. परत आली ती ओंजळ भरून लाल गारा घेऊन, कोपरावरून पाणी ठिबकतंय अशी. आप्पांसमोर उभी राहिली आणि हात पुढे केले. या माणसाविषयी तिला एवढंच माहीत होतं.

आप्पा ओट्यावर बसले. दोन्ही हातांनी त्यांनी तो घेतला. पांढऱ्या पायजम्यावर ओघळ येत होते, पण तो खाली ठेवायला काही ते तयार होईनात. वर न पाहता म्हणाले, "मनी, मी टायरकरता थांबेल नव्हतू."

"माले माहीत शे, आप्पा," ती म्हणाली. "पन तुम्ही दुसरं काही मांगंच नही. म्हनीसन मी गारा धाडा."