गैरवर्तन समाधानकारक नाही

सकारात्मक प्रोत्साहन योजनेचं परिपत्रक उस्मानपुऱ्यातल्या शाळेत सोमवारी पोचलं आणि मंगळवारपासून मुलांना रागावणं बंद झालं. वाईट वर्तन सोडणाऱ्या विद्यार्थ्याच्या छातीवर सोनेरी तारा चिकटवायचा आणि 'आधीचं वर्तन', 'नंतरचं वर्तन' असे दोन रकाने भरून वर पाठवायचे, असा आदेश होता. तिसरीच्या मंजुषाबाईंना योजना मनापासून आवडली. छडीपेक्षा तारा बरा, यात वाद नव्हता.

पंधरा दिवसांत वर्गातल्या सत्यमला अकरा तारे मिळाले. तो सकाळी कुणाला तरी चावायचा आणि मधल्या सुट्टीनंतर चावायचं थांबायचा. योजनेच्या भाषेत ही लक्षणीय प्रगती होती.

मग एके दिवशी आमरीनचे वडील गयासभाई घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद ठेवून शाळेत आले.

"बाई, पोरीला एक बी तारा नाय. घरी आली की रडायली. काय चुकायलंय तिचं?"

"काहीच चुकत नाही, तीच तर अडचण आहे," बाई म्हणाल्या आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली. वेळेवर येणारी, इतरांची भांडणं मिटवणारी ही गुणी पोर, आणि तिच्यासाठी रकानाच नव्हता. बाई मुख्याध्यापक काकासाहेबांकडे गेल्या.

"'आधीचं वर्तन' कोरं ठेवून तारा देता येणार नाही," काकासाहेब म्हणाले. "वरून आक्षेप निघेल. तिला काहीतरी करायला लावा. लहानसंच."

बाईंनी आमरीनला बाजूला घेऊन समजावलं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"बाई, किती वाजता करू?"

ठरल्याप्रमाणे तिसऱ्या तासाला तिनं डस्टर फेकलं. त्याआधी समोरच्या मुलांना बाजूला व्हायला सांगितलं, नंतर डस्टर उचलून जागेवर ठेवलं. काकासाहेबांनी नोंद परत पाठवली. शेरा होता : 'गैरवर्तन समाधानकारक नाही. अधिक प्रयत्न आवश्यक.'

असा शेरा आमरीनला जन्मात मिळाला नव्हता. तिनं तो मनावर घेतला. अभ्यासू पोर, ती मधल्या सुट्टीत सत्यमजवळ बसू लागली. आठवडाभरात तिनं वर्गातल्या सायलीची वेणी कापली आणि चौकशीत शांतपणे सत्यमचं नाव सांगितलं. खरं काय ते बाईंना ठाऊक होतं, पण त्यांनी आमरीनचा रकाना भरला.

पालकसभेत आमरीनला तारा लागला. टाळ्या पडल्या, गयासभाईंचे डोळे भरून आले. आमरीन मात्र पुढच्या रांगेत बसलेल्या श्रेयाच्या वेणीकडे बघत होती.

सभा संपताच शांत मुलांच्या पालकांची बाईंपुढे रांग लागली.

"आमचा शिवराज लई सरळ हाय, बाई. त्याला बी जरा बिघडवा की."

रांगेत तुम्हीही होतात. नंबर बाविसावा होता, पण काकासाहेबांची ओळख सांगून तुम्ही पुढं घुसलात, आणि तुमचं बोट धरून तुमचं मूलही घुसलं. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि बिघडवायच्या मुलांच्या यादीतून त्याचं नाव काढून टाकलं.

"याला वेगळं शिकवावं लागणार नाही," त्या म्हणाल्या. "याचा घरचा अभ्यास चांगला चाललाय."